शिवलेली जहाजे आणि तिरपी भोके

१९९३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय शहरात, जुन्या बंदराला लागून असलेल्या प्लास ज्यूल-व्हेर्न या चौकात उत्खनन चालू होते. तिथल्या चिखलातून दोन प्राचीन ग्रीक नौकांचे अवशेष बाहेर आले. दोन्ही इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातील. त्यांपैकी जी लहान होती, सुमारे दहा मीटर लांबीची, तिच्या फळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या नव्हत्या. त्या शिवलेल्या होत्या. अक्षरशः दोऱ्याने, टाके घालून.

संशोधकांच्या नोंदींत ही नौका ‘ज्यूल-व्हेर्न ९’ या कोरड्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पोवळ्यांचे तुकडे सापडले, त्यावरून ती पोवळी काढणाऱ्या कोळ्यांची असावी असे मानले जाते. पण या धाग्याचा विषय पोवळी नाहीत. विषय आहे तिच्या फळ्यांच्या कडांना रांगेने पाडलेली, करंगळीहून बारीक भोके. ती सरळ नाहीत, तिरपी आहेत. आणि ज्या माणसाने ती पाडली त्याने कुठेही घाई केलेली नाही.

कापड शिवताना सुई एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. फळ्याही तशाच शिवाव्यात असे प्रथमदर्शनी वाटते: दोन फळ्या कडेला कड लावून ठेवायच्या, दोन्हींना आरपार भोके पाडायची, दोर ओवायचा, आवळायचा. जगात अनेक ठिकाणी असे केलेही गेले. आपल्या समुद्रातही केले गेले, त्याकडे पुढे येऊच. मार्सेयच्या त्या कारागिराने मात्र आरपार भोक पाडले नाही. त्याचे भोक फळीच्या आतल्या पृष्ठभागावर, कडेपासून थोड्या अंतरावर सुरू होते, लाकडातून तिरपे उतरते आणि फळीच्या कडेच्या जाडीत, साधारण मधोमध, बाहेर पडते. शेजारच्या फळीत त्याच्या बरोबर समोर तसेच भोक. दोरा एका फळीच्या आतल्या बाजूने शिरतो, सांध्यातच दुसऱ्या फळीत जातो आणि पुन्हा आतल्याच बाजूला वर येतो. नौकेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, दोऱ्याचा मागमूस नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दिसावे ते फक्त गुळगुळीत लाकूड.

एवढा खटाटोप कशासाठी? दोरा अळशीच्या तंतूंचा, म्हणजे लिननचा होता. तो मजबूत असतो. पण नौका वाळूवर ओढताना, खडकाला घासताना बाहेर आलेला प्रत्येक टाका झिजला असता. टाका तुटला की सांधा उघडा, आणि सांधा उघडला की समुद्र आत. शिवाय आरपार भोक म्हणजे पाण्याला दिलेली वाटच. तिरपे भोक ही वाट मुळातच ठेवत नाही.

आता हे काम किती अवघड, ते पाहू. फळी दोन-तीन सेंटिमीटर जाडीची. भोक फार उभे गेले, तर ते कडेतून न निघता बाहेरच्या अंगाने फुटते, फळी वाया. फार आडवे गेले, तर भोक आणि आतला पृष्ठभाग यांच्यामध्ये लाकडाचा इतका पातळ पापुद्रा उरतो की दोरा आवळताच तो फाटतो. भोक कडेच्या मधोमध निघाले, पण समोरच्या फळीतले भोक अर्ध्या बोटाने सरकलेले असले, तर दोरा सांध्यात वाकडा जातो आणि आवळताना फळ्या एकमेकींवर सरकू पाहतात. म्हणजे चुकीला मुभा आहे ती दोन्ही बाजूंना जेमतेम एकेका सेंटिमीटरची, आणि तीही लाकडाच्या पोटात, जिथे डोळा पोहोचत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. ज्याने कधी लाकडात तिरपे भोक पाडून पाहिले असेल त्याला ती ठाऊक असते. हत्याराचे टोक सपाट पृष्ठभागावर तिरपे टेकवले की ते रुतण्याऐवजी घसरते. हत्याराची एकच बाजू लाकडाला लागते, दुसरी हवेत फिरते. टोक भरकटते आणि भोकाचे तोंड लांबट, फाटके होते. आजही सुतारशाळेत हीच चूक सर्वांत आधी होते. सुताराचा गुण्या येथे कामाचा नाही, कारण गुण्याला एकच कोन ठाऊक, काटकोन.

मार्सेयच्या नौकेतील उत्तर असे. भोक पाडण्याआधी कारागिराने प्रत्येक ठिकाणी पटाशीने एक लहान खळगा कोरला आहे. खळगा त्रिकोणी, उलट्या पिरॅमिडसारखा आत निमुळता होत जाणारा. एका फळीच्या कडेला असे खळगे ओळीने, जणू करवतीचे दाते. आणि तिरपे भोक सुरू होते ते या खळग्याच्या तळातून.

खळगा कोरला की फळीच्या सपाट पाठीवर एक लहानसा उतार तयार होतो. भोक ज्या दिशेने जायचे, त्या दिशेला हा उतार जवळजवळ काटकोनात असतो. म्हणजे फळीच्या दृष्टीने भोक तिरपे आहे, पण हत्याराच्या दृष्टीने ते सरळच. टोक घसरत नाही, कारण त्याला टेकायला त्याच्याच मापाची भिंत मिळाली आहे. कोन मोजण्याची गरजच उरली नाही. तो खळग्याच्या आकारातच साठवला गेला. एकाच पटाशीने, एकाच सवयीने खळगे कोरले की भोकांचे कोनही एकसारखेच येणार. वर दोऱ्याचा टाका त्या खळग्यात बसतो, त्यामुळे आत चालणाऱ्या-वावरणाऱ्या माणसांच्या पायांनी किंवा मालाने तो घासला जात नाही. एका कोरीव खुणेत तीन कामे. त्या काळच्या भूमितीच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा ही भूमिती कमी प्रतीची म्हणता येणार नाही.

हेच खळगे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बाँ-पोर्ते येथे बुडालेल्या नौकेत आढळले. इस्रायलच्या किनाऱ्यावर मागान मिखाएल येथे १९८५ साली सापडलेल्या, इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या जहाजातही ते आहेत, फक्त नाळ आणि वरवंड या दोन टोकांना. म्हणजे ही एखाद्या हुन्नरी माणसाची लहर नव्हती. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत हाताने हाताला दिलेली ती पद्धत होती.

मागान मिखाएलच्या जहाजात आणखी एक मौल्यवान वस्तू मिळाली, जहाजावरच्या सुताराची हत्यारे. त्यांत कमानीने फिरवायच्या सामत्याचे लाकडी भाग होते. सामता म्हणजे दांड्याला दोरीचा वेढा देऊन तो पुढेमागे फिरवत भोक पाडण्याचे साधन. आपल्याकडच्या जुन्या सुतारांच्या हातीही याच तत्त्वाचे हत्यार असे. डाव्या हाताने वरून दाब द्यायचा, उजव्या हाताने कमान ओढायची. या हत्याराच्या टोकाला स्क्रूसारखे आटे नसतात, त्यामुळे ते स्वतःहून लाकडात शिरत नाही. खरवडत, दोन्ही दिशांना फिरत उतरते. भोकाची दिशा पूर्णपणे माणसाच्या मनगटावर अवलंबून. म्हणूनच सुरुवात कुठे टेकवून केली, याला इतके महत्त्व येते.

मोठ्या लाकडासाठी एकट्या माणसाचे बळ पुरत नसे. होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात याचे विलक्षण नेमके वर्णन आहे, आणि ते भलत्याच ठिकाणी आले आहे. ओडिसियस आणि त्याचे सोबती एकाक्ष राक्षस पॉलिफेमस याच्या डोळ्यात तापवलेला खुंट खुपसतात, तेव्हा कवी उपमा देतो ती जहाज बांधणाऱ्याची: एक जण वरून सामता धरून दाबतो आणि खाली दोन्ही बाजूंचे गडी चामड्याची वादी आळीपाळीने ओढून तो फिरवत ठेवतात. प्रसंग भीषण, पण उपमा कारखान्यातली. ऐकणाऱ्या लोकांनी हे दृश्य किनाऱ्यावर नेहमी पाहिलेले असल्याखेरीज कवीने ती निवडली नसती. त्याच काव्याच्या पाचव्या सर्गात कॅलिप्सो ओडिसियसला तराफा बांधण्यासाठी कुऱ्हाड, तासणी आणि भोके पाडण्याची हत्यारे आणून देते. तो तराफा लाकडी जिभांनी जोडला होता की दोऱ्यांनी शिवला होता, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात.

मेहनतीचा एक अंदाज घेऊ. दोन भोकांमधले अंतर तीन सेंटिमीटर धरले, तर दहा मीटर लांबीच्या एका सांध्यात एका फळीला तीनशेहून अधिक भोके आणि समोरच्या फळीला तितकीच. असे दहा सांधे धरले तरी आकडा सहा हजारांच्या वर जातो, आणि हे एका लहान मासेमारी नौकेचे. प्रत्येक भोकासाठी आधी एक खळगा. त्यांतले एक भोक बाहेर फुटले तरी ती जागा कायमची गळकी.

भोके पाडून झाली की काम संपत नसे. फळ्या शिवताना सरकू नयेत म्हणून त्यांच्या कडांत आधीच लाकडी खुंट्या बसवून त्या जागच्या जागी रोखलेल्या असत. सांध्यावर आतून कापडाची लांब गुंडाळी ठेवली जाई आणि टाके तिच्यावरून घातले जात, म्हणजे दोरा आवळला की गुंडाळी सांध्यात दबे. शेवटी प्रत्येक भोकात एकेक बारीक खुंटी ठोकून दोरा पक्का केला जाई आणि भोकही बुजे. वरून राळ आणि मेण यांचा लेप. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगे आणि उरलेसुरले घट्ट होई.

जाता जाता एक गोष्ट. मार्सेय, म्हणजे त्या वेळचे मासालिया, हे इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकाया या नगरातील ग्रीकांनी वसवले. फोकाया आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. त्याच किनाऱ्याजवळ सामोस बेट. सहाव्या शतकातच सामोसवर युपालिनोस नावाच्या स्थापत्यकाराने डोंगरातून १०३६ मीटर लांबीचा पाण्याचा बोगदा खोदवला, दोन्ही तोंडांकडून एकाच वेळी, आणि दोन्ही बाजूंचे खोदकाम डोंगराच्या पोटात एकमेकांना भेटले. इतिहासाची पुस्तके युपालिनोसचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. फळ्यांच्या पोटात हीच भेट हजारो वेळा घडवणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

दोरा बाहेर दिसू न देण्याची कल्पना ग्रीकांच्याही फार आधीची आहे. १९५४ साली गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेला, दगडी लाद्यांनी झाकलेल्या खड्ड्यात कमाल एल-मल्लाख यांना राजा खुफूची नौका सापडली. ती सुट्या भागांत रचून ठेवलेली होती. एकूण १,२२४ तुकडे. हाज अहमद युसूफ यांनी दहाहून अधिक वर्षे खपून ती जुळवली. लेबनॉनच्या देवदाराची, सुमारे ४३ मीटर लांबीची आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्या फळ्या बारा-पंधरा सेंटिमीटर जाड आहेत, आणि त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या नळ्या कोरलेल्या आहेत. एका तोंडातून शिरलेला दोर लाकडाच्या आतच वळतो आणि दुसऱ्या तोंडातून त्याच बाजूने बाहेर येतो. बाहेरच्या पृष्ठभागाला कुठेही भोक नाही. हे काम सामत्याचे नव्हे, तांब्याच्या पटाशीचे. पण दोन तिरप्या वाटा लाकडात आंधळेपणाने एकमेकींना भेटवायच्या, हा प्रश्न तोच.

येथे एका प्रचलित समजुतीकडे वळावे लागते. शिवलेले जहाज म्हणजे मागासलेले जहाज: आधी माणसाने फळ्या शिवल्या, मग शहाणपण आल्यावर जोडकाम केले, शेवटी लोखंडी खिळे मारले. तंत्रज्ञानाच्या इतिहासाची ही शिडी अनेक जुन्या ग्रंथांत दिसते. ती दिसायला सोयीची आहे. पुरावा मात्र तिच्यावर नीट चढत नाही.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे १९८२ साली सापडलेले जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीचे. त्याच्या फळ्या शिवलेल्या नाहीत. फळ्यांच्या कडांत समोरासमोर खाचा पाडून त्यांत लाकडी जीभ बसवलेली, वरून खुंटीने पक्की केलेली. आपल्या सुतारांच्या सालकुसवाच्या सांध्याचे भावंड. म्हणजे मार्सेयची नौका शिवली गेली त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात हे जोडकाम पूर्ण विकसित होते. व्यापारासाठी सगळा समुद्र पालथा घालणाऱ्या फोकायाच्या ग्रीकांनी ते कधी पाहिलेच नाही, असे मानणे कठीण आहे. ते शिवत राहिले, कारण शिवण त्यांना पुरत होती. नौका हलकी राहत होती, लाटेवर थोडी लवत होती, आणि बिघडलेली फळी टाके कापून काढता येत होती.

पुढचा बदल त्याच चौकातील दुसऱ्या, मोठ्या नौकेत दिसतो. ‘ज्यूल-व्हेर्न ७’ सुमारे पंधरा मीटरची, मालवाहू. तिचा बहुतेक सांगाडा खाच आणि जीभ यांनी जोडलेला आहे. पण दोन्ही टोकांना, जिथे फळ्या वळतात, तिथे टाके आहेत. आणि दुरुस्तीच्या जागीही टाकेच आहेत. हे कारण समजण्यासारखे आहे. जिभांनी जोडलेल्या तयार जहाजात मधलीच एक फळी बदलायची झाली, तर नव्या फळीच्या जिभा वरच्या-खालच्या फळ्यांच्या खाचांत शिरवायला जागाच नसते. तेव्हा कारागीर पुन्हा जुन्या विद्येकडे वळे: खळगा, तिरपे भोक, दोरा. नवे तंत्र आले म्हणून जुने लगेच हद्दपार झाले नाही. ते डागडुजीच्या पेटीत राहिले.

अखेर मोठ्या जहाजांत शिवणीला माघार घ्यावी लागली, हेही खरे. जहाज लांब झाले, माल जड झाला, तसा सांध्यावरचा ताण वाढला. दोरा ताणला जातो, कुजतो, आणि शिवलेल्या नौकेची शिवण वेळोवेळी नव्याने करावी लागते. ओकची जीभ फळ्यांना एकमेकींवर सरकू देत नाही. सायप्रसजवळ सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकातील किरेनियाच्या व्यापारी जहाजात असे सुमारे चार हजार सांधे आहेत. श्रम वाचले असे नाही. श्रमांची जागा बदलली.

साहित्यात मात्र शिवण रेंगाळली. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात आगमेम्नॉन तक्रार करतो की नऊ वर्षांत जहाजांचे लाकूड कुजले आणि दोर सैल झाले, हे दोर शिडांचे नसून फळ्यांचे असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. एस्खिलसच्या एका नाटकात जहाजासाठी ‘अळशीच्या दोऱ्याने शिवलेले’ अशा अर्थाचे विशेषण येते. आणि रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’मध्ये मृतांना पैलतीरी नेणाऱ्या कॅरॉनची नौका शिवलेली आहे. इनियससारख्या जिवंत, वजनदार माणसाने पाय ठेवताच ती करकरते आणि तिच्यात पाणी शिरते. व्हर्जिलच्या रोममध्ये शिवलेली नौका ही जुन्यापान्या, दुसऱ्या जगातील गोष्टींची खूण झाली होती. तरीही व्हर्जिलच्याच काळात इटलीच्या पो नदीच्या मुखाजवळ कोमाक्कियो येथे शिवलेले जहाज माल वाहत होते. कवींपेक्षा सुतार उशिरा बदलतात.

भूमध्य समुद्रात शिवण मागे पडत असताना हिंदी महासागरात ती भरभराटीला आली होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील राप्ता या व्यापारी ठाण्याचे नावच तेथील शिवलेल्या होड्यांवरून पडले, असे नोंदवले आहे. ११८३ साली लाल समुद्र ओलांडणारा अंदलुसी यात्रेकरू इब्न जुबैर तिथल्या नौकांचे तपशील देतो: नारळाच्या काथ्याच्या दोराने शिवण, फटींत खजुराच्या लाकडाचे तुकडे, वरून चरबी किंवा तेल, आणि त्यांत सर्वांत उत्तम शार्क माशाचे. लाकूड आणि काथ्या हिंदुस्थान आणि येमेनहून येतो, असेही तो सांगतो. तेल लावण्याचे कारण त्याच्या मते लवचीकपणा. त्या समुद्रात प्रवाळाचे खडक फार, आणि लवणारी नौका आपटूनही फुटत नाही.

शंभर वर्षांनी होर्मुझला आलेल्या मार्को पोलोला मात्र हीच जहाजे अत्यंत वाईट वाटली. त्यांचे लाकूड इतके कठीण आणि ठिसूळ की खिळा मारताच मातीच्या भांड्यासारखे तडकते, म्हणून लोक भोके पाडून काथ्याने शिवतात, असे त्याने सांगितले. त्याचा तुच्छतेचा सूर पुढच्या युरोपीय लेखनात बराच काळ टिकला. गंमत अशी की त्याच्याच वाक्यात उत्तर दडलेले आहे. खिळा लाकडाचे तंतू रेटून फाकवतो. सामता ते खरवडून काढून टाकतो. कठीण लाकडात भोक पाडणे ही अगतिकता नव्हे, शहाणपणाची निवड आहे.

आपल्या समुद्रातील भोके तिरपी नव्हती. ती बहुधा आरपार, सरळ असत. फळीच्या कडेला समांतर एक रांग, समोरच्या फळीत तिला जुळणारी दुसरी रांग. सांध्यावर काथ्याची जाड गादी, तिच्यावरून दोर. अनेक ठिकाणी बाहेरच्या बाजूला फळीत उथळ खाच कोरून दोर तिच्यात दडवला जाई, आणि भोके काथ्याने व राळेने बुजवली जात. ग्रीकांचे तिरपे भोक अधिक कौशल्याचे आणि आपले सरळ भोक अडाणीपणाचे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होऊ शकतो. तो टाळावा. फरक हाताचा नसून धाग्याचा असावा. खाऱ्या पाण्यात भिजून टिकण्याच्या बाबतीत काथ्याची बरोबरी करणारे नैसर्गिक तंतू फार थोडे. तो मुळात खाऱ्या पाण्यात कुजवूनच सोडवला जातो. ज्याचा दोर पाण्याला भीत नाही त्याला तो लपवण्याची एवढी गरज नाही. अळशीचा दोरा असलेल्याला ती होती.

आणखी एक मोह उलट दिशेचा आहे, आणि तो आपल्याकडे अधिक आढळतो. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात, समुद्रातील चुंबकी खडक ओढून घेतील म्हणून सागरगामी जहाजांच्या तळाला लोखंड वापरू नये, असा इशारा आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली ‘इंडियन शिपिंग’ या पुस्तकात या ग्रंथाचा आधार घेतला, आणि तेव्हापासून तो इशारा प्राचीन भारतीय विज्ञानाचा पुरावा म्हणून फिरत असतो. परंतु चुंबकी खडकांची कथा अनेक देशांत सांगितली जात होती. सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने ती त्याच वेळी खोडून काढली होती: रोमन लोकांची लोखंड वापरलेली जहाजे तांबड्या समुद्रातून जातात आणि त्यांना काहीही होत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आपल्या जहाजबांधणीचा गौरव करायचा असेल, तर त्यासाठी अशा खडकांची गरज नाही. भोके पुरेशी आहेत.

आणि ती भोके आता मोजून पाहता येतात. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एक जहाज सापडले. त्यात चीनमधील थांग राजवटीची सुमारे साठ हजार मातीची भांडी होती, आणि जहाज पश्चिम हिंदी महासागराच्या पद्धतीचे, संपूर्ण शिवलेले होते. चीनपर्यंतचा व्यापार करून परत निघालेली, हजारो भांडी पोटात घेतलेली शिवण. तिला मागास म्हणायचे, तर त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या सागरी व्यापारालाच मागास म्हणावे लागेल.

मार्सेयमध्ये २०१३ साली ‘ज्यूल-व्हेर्न ९’ची प्रतिकृती पाण्यात उतरली. नगराच्या स्थापनेच्या दंतकथेतील राजकन्येवरून तिचे नाव ‘जिप्तिस’ ठेवले गेले. खळगे, तिरपी भोके, लिनन, राळ, सगळे जुन्या पद्धतीने. तिच्या सुतारांसमोर निदान मूळ फळ्या होत्या. कोणता खळगा किती खोल, भोक कुठे निघते, हे पाहून ठरवता येत होते.

आपल्याकडे तेवढीही सोय नव्हती. भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज दाखल करून घेतले. ते गोव्यातील एका नौकाबांधणी कारखान्यात तयार झाले. त्याचा आधार अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र. त्या चित्राच्या काळातील जहाजाचे लाकूड हाताशी नाही, आराखडा नाही. चित्रकाराने जहाजाचा डौल दाखवला. फळ्या कशाने जोडल्या, हे दाखवण्याचे त्याला कारण नव्हते. आकार, शिडे आणि तोल यांची गणिते आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने तपासली गेली. राहिली भोके. कडेपासून किती अंतरावर पाडायची, दोन भोकांमध्ये किती जागा सोडायची, काथ्याची गादी किती जाड ठेवायची आणि दोर किती आवळायचा, हे केरळहून आलेल्या बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकारी कारागिरांना ठाऊक होते, कारण ते काम त्यांच्याकडे कधी थांबलेच नव्हते.